कॅम्पर व्हॅनसाठी इंजिन केवढं घ्यावं? १.२ पेट्रोल, २.२ डिझेल की २.६ डिझेल

सह्यभटक (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. कॅम्पर व्हॅन करून घ्यायची आहे आणि गाडं इंजिनापाशी अडलंय. गरज अशी: दोन मोठी माणसं, एक दहा वर्षांचा मुलगा. मुक्काम पुणे, वर्षाला साधारण १०,००० किमी. बहुतेक फिरणं कोकण, गोवा, उत्तर कर्नाटक, म्हणजे घाट आलेच. वर्षातून एकदा लांबचा पल्ला, हिमाचल किंवा लडाख. आत झोपायची सोय, छोटा ओटा, ८० लिटर पाणी, एक फ्रिज. उभं राहता आलं तर उत्तम, नाही आलं तरी चालेल.

डोक्यात तीन गाड्या आहेत.
ईको: १,१९७ सीसी पेट्रोल, ८१ अश्वशक्ती, टॉर्क (फिरवण्याची ओढ) १०४ न्यूटन-मीटर.
विंगर: २,१७९ सीसी डिझेल, १०० अश्वशक्ती, २०० न्यूटन-मीटर.
ट्रॅव्हलर: २,५९६ सीसी डिझेल, ११५ अश्वशक्ती, ३५० न्यूटन-मीटर. बजेट ताणलं तर अर्बानिया, इंजिन त्याच घराण्यातलं.

ॲव्हरेज चांगलं हवं. मग सरळ लहान इंजिन घेऊ का? 'लहान इंजिन लोडखाली जास्त पितं' असंही सगळे सांगतात. खरं काय?

टॉर्कराव

सीसी जरा बाजूला ठेवा. गाडी ढकलायला ताकद किती लागते ते आधी काढू.

उंच छताची, भरून ३,००० किलोची व्हॅन धरा. समोरून दिसणारं क्षेत्रफळ ४.५ चौरस मीटर, हवेच्या अवरोधाचा गुणांक ०.४०, टायरचा ०.०१२. सपाट रस्त्यावर ताशी ८० ला हवा मागे ओढते सुमारे ५१० न्यूटनने, टायर ३५० ने. गिअरबॉक्स-डिफरेन्शियलमध्ये १० टक्के जातात असं धरलं तर इंजिनाने द्यायची ताकद साधारण २१ किलोवॉट, म्हणजे २९ अश्वशक्ती. बस, एवढीच.

तीच गाडी ताशी १०० ला घ्या. टायरचा आकडा तोच, हवेचा ८०० न्यूटनवर जातो. आता लागतात ४८ अश्वशक्ती.

डिझेल इंजिन अशा लोडला किलोवॉट-तासाला साधारण २३० ते २४० ग्रॅम डिझेल घेतं. त्या हिशेबाने ८० ला लिटरमागे १३ किमी, १०० ला १०. वर घाट, सिग्नल, एसी, गावातले गतिरोधक यांचे १५-२० टक्के वजा करा.

आता इंजिनाचा आकार. ८० च्या वेगाला २,००० आरपीएम धरले तर इंजिनाकडून हवेत फक्त १०० न्यूटन-मीटर. २.२ ते देताना जरा जास्त भरलेलं असतं, २.६ जरा कमी, आणि भरलेलं इंजिन थोडं काटकसरी चालतं. पण हा फरक दोन-चार टक्क्यांचा. १०० वरून ८० वर आलात तर इंधन जवळपास चौथाईने कमी लागतं. कुठे डोकं लावायचं ते तुम्हीच ठरवा.

एक मात्र लक्षात ठेवा, हे डिझेलचं झालं. डिझेलला थ्रॉटलने (हवेच्या झडपेने) हवा कोंडावी लागत नाही, म्हणून मोठं इंजिन कमी लोडवर फारसं महाग पडत नाही. पेट्रोल इंजिन कमी लोडवर स्वतःचाच श्वास कोंडून चालतं. गरजेपेक्षा मोठं पेट्रोल इंजिन खरंच पितं.

ईकोप्रेमी

तीन हजार किलोची गाडी धरलीत म्हणून हा हिशेब. ईको भरून दीड हजार किलोच्या आसपास आणि समोरचं क्षेत्रफळ निम्मं. ६ टक्क्यांच्या चढाला ताशी ६० ने जायला तिला साधारण ३१ अश्वशक्ती लागतात, हातात आहेत ८१. तिसऱ्या गिअरला कुठलाही घाट आरामात. दोन माणसांना याहून काटकसरी कॅम्पर आपल्याकडे नाही.

पण ईकोत कॅम्पर करणाऱ्यांनी दोन गोष्टी सुताराला आधीच सांगून ठेवाव्यात.

पहिली: इंजिन पुढच्या सीटांखाली आहे. ऑइल बघायचं, प्लग काढायचे, तर सीट उचलून झाकण उघडावं लागतं. हौसेने शेजारची सीट फिरती केली किंवा पलंगाची फळी पुढे ओढून सीटपाठीशी ठोकली की झाकण पूर्ण उघडत नाही. मग साध्या सर्व्हिसिंगला अर्धं फर्निचर खोलायची वेळ येते. फळी बिजागरीवर ठेवा आणि झाकण पूर्ण उलटतंय का हे प्लाय कापायच्या आधी बघा. पुढच्या बाजूला रबराच्या बीडिंगवर उष्णतारोधक शीटही लावा, कारण घाट चढून आल्यावर सीटखालचा पत्रा चांगलाच तापतो.

दुसरी: सीएनजी. ताकद १० टक्क्यांनी उतरते (कंपनीचा आकडा ७२ अश्वशक्ती, ९५ न्यूटन-मीटर), सिलिंडर मागची जागा खातो, म्हणजे पलंगाखालची सगळी साठवण गेली. शिवाय दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी). कोकणात आडबाजूला पंप विरळ, त्यामुळे निम्मा प्रवास पेट्रोलवरच होतो. रोज शहरात पळणाऱ्याला सीएनजी, कॅम्परला साधं पेट्रोल.

चौथागिअर

ईको दोघांना ठीक. इथे तिघं आहेत, ८० लिटर पाणी आहे, फ्रिज आहे. ईकोची भारक्षमता पाचशे-सहाशे किलोच्या घरात. तीन माणसं १७० किलो, पाणी टाकीसकट ९०, लाकूडकाम १२०, बॅटरी-फ्रिज-शेगडी ६०, कपडे-भांडी-अंथरूण ८०. झाले ५२०. वर ताडपत्री, सायकल, सासूबाईंनी दिलेलं लोणचं. गाडी कायम कमाल मर्यादेवर चालणार. ब्रेक, क्लच आणि मागचे पाटे रडणार.

विंगर-ट्रॅव्हलरमधला खरा फरक घाटात कळतो, आणि तो अश्वशक्तीत नाही. टॉर्करावांच्याच गाडीला ६ टक्के चढावर ताशी ६० ठेवायला ६१ अश्वशक्ती लागतात. २.६ चं ३५० न्यूटन-मीटर १,४०० आरपीएमपासून मिळतं, म्हणजे तिथेच ७० अश्वशक्ती हजर. २.२ विंगर १,४०० ला ४० देते. ६१ साठी तिला २,१५० च्या आसपास फिरवावी लागते. विंगर मुळात हलकी, त्यामुळे प्रत्यक्षात १,९५० वरही भागेल. अडचण काहीच नाही, फक्त चालवणाऱ्याने एक गिअर खाली टाकायला लाजायचं नाही.

गडबड होते ती इथेच. 'वरच्या गिअरला कमी पितं' हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. १,१०० आरपीएमला चौथ्यात पाय दाबून धरला की टर्बोचा बूस्ट (हवेचा दाब) पुरेसा नसतो, डिझेल अर्धवट जळतं, काजळी वाढते, ईजीआर (धूर परत इंजिनात सोडणारी झडप) आणि डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) भरतात. 'लहान इंजिन लोडखाली पितं' ही तक्रार बहुतेक वेळा अशा चालवण्याची असते.

वळणावळणाने

चौथागिअर, +१. जोडीला उताराचंही सांगा कोणीतरी. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना पाचशे मीटरच्या आसपास उंची जाते. तीन टनांची ती सगळी ऊर्जा ब्रेकमध्ये जाळायची तर ड्रम निळे पडतील. डिझेलला थ्रॉटल नसल्याने नुसत्या इंजिनाचा ब्रेक तसा कमजोर. तेव्हा ज्या गिअरने चढाल त्याच्याही एक खाली उतरा, २,५००-३,००० आरपीएम होऊ द्या. उतारावर ॲक्सिलरेटर सोडलेला असताना कॉमनरेल (आजचं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनचं डिझेल) इंजिन इंधन बंदच करतं, म्हणजे आरपीएम वर गेला तरी पितं शून्य. न्यूट्रलमध्ये उतरणारे उलट आयडलिंगचं डिझेल जाळतात आणि ब्रेकही.

म्युनिककर

इकडचा संदर्भ देतो. युरोपात बरेचसे कॅम्पर ज्यावर बांधतात त्या फियाटच्या डुकाटो व्हॅनला आधी २.३ लिटर असायचं, आता २.२. अश्वशक्ती १२० ते १८०. बहुतेक लोक १४० चं घेतात, टॉर्क ३५० न्यूटन-मीटर. साध्या लायसन्सला ३.५ टनांची मर्यादा असल्याने सगळा खेळ वजनाचा. तेवढ्याच टॉर्कचं इंजिन तुमच्या ट्रॅव्हलरमध्ये आहे. इकडे जास्त अश्वशक्ती लागते ती ऑटोबानवर १२० ने जायला. तुमच्याकडे परवान्यावर चालणाऱ्या मोठ्या व्हॅनला ८० चा स्पीड गव्हर्नर असतो ना?

टॉर्कराव

हो. ऑक्टोबर २०१५ नंतर बनलेल्या व्यावसायिक गाड्यांना ८० चा गव्हर्नर आहे, काही प्रकार वगळून. म्हणजे टूरिस्ट परमिटची सेकंडहँड ट्रॅव्हलर घेतलीत तर वरच्या वेगाचा मुद्दाच संपला.

सह्यभटक (धागाकर्ता)

भरपूर कळलं, धन्यवाद. अजून तीन शंका. लडाखला उंचीवर काय होतं? विंगर पुढच्या चाकांवर चालते, ट्रॅव्हलर मागच्या. त्याने काही फरक? आणि रात्री एसीसाठी इंजिन चालू ठेवलं तर?

चौथागिअर

उंची: टर्बो नसलेलं इंजिन हजार मीटरला साधारण १० टक्के ताकद गमावतं. साडेचार हजार मीटरवर हवा जवळपास ४० टक्के विरळ. म्हणजे ईकोच्या ८१ मधल्या उरल्या पन्नासच्या आत, त्याही ६,००० आरपीएमला. खालच्या आरपीएमला टॉर्क साठेक न्यूटन-मीटर. भरलेली गाडी पहिल्या गिअरला हेअरपिनवर उभी राहून परत उचलायची तर क्लच जळतो. जाते ती, नाही असं नाही, पण अर्धी क्लच दाबून नेऊ नका. टर्बो डिझेलला टर्बो हवा भरून देतो म्हणून घट कमी जाणवते; उठताना मात्र टर्बो जागा व्हायच्या आधी तेही सुस्तच.

चाकं: विंगरला मागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट नाही. जमीन खाली मिळते, त्याच बाहेरच्या उंचीत आत जास्त उभं राहता येतं, हवेचा मारही वाढत नाही. कॅम्परला हे फार मोलाचं. तोटा असा की चढावर वजन मागे सरकतं आणि पुढची चाकं हलकी होतात. पलंगाखाली मागे पाणी, बॅटऱ्या, अवजारं कोंबली आणि ओल्या गवतावर किंवा लाल चिखलात चढ आला की पुढचं चाक जागेवर फिरतं. पाण्याची टाकी आणि बॅटरी दोन्ही एक्सलच्या मध्ये, शक्यतो ड्रायव्हरच्या सीटमागे ठेवा. ट्रॅव्हलरचं उलट, भरल्यावर पकड सुधारते, पण जमीन उंच.

काजळी

रात्रीच्या एसीचं मी सांगतो. आयडलवर एसीसकट दोन-अडीच लिटरचं डिझेल इंजिन तासाला लिटरभर तरी घेतं. आठ तास म्हणजे आठ-दहा लिटर, जवळपास शंभर किमीचं डिझेल उभ्या उभ्या गेलं. खर्चाहून वाईट म्हणजे बीएस-६ ची डीपीएफ. आयडलवर धूर थंड, काजळी साठते, जळत नाही. ती जाळायला धूर ६०० अंशांच्या घरात न्यावा लागतो आणि त्यासाठी १५-२० मिनिटं सलग ५०-६० च्या वर चालवावं लागतं. रात्रभर आयडल, सकाळी गावातल्या गावात दोन किमी, परत आयडल, असं आठवडाभर केलं की पॅनेलवर दिवा, मग गाडी ताकद कापते. धूर आत शिरून जीव गुदमरायचा धोका वेगळाच.

बॅटरी भरायला इंजिन नुसतं चालू ठेवणं हाही तोच प्रकार. ४५ लिटरचा १२ व्होल्टचा कंप्रेसर फ्रिज उन्हाळ्यात दिवसाला ४०० ते ५०० वॉट-तास घेतो. १०० ॲम्पिअर-तासाची लिथियम फॉस्फेट बॅटरी म्हणजे १,२८० वॉट-तास. छतावर २०० वॉटचं पॅनेल, आणि चालताना भरायला ३० ॲम्पिअरचा डीसी-टू-डीसी चार्जर. दोन्ही बॅटऱ्या नुसत्या जोडणारा थेट रिले लावू नका. बीएस-६ गाड्यांत बऱ्याचदा अल्टरनेटरचा व्होल्टेज ईसीयू (इंजिनाचा संगणक) कमी-जास्त करतो, बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. या चार्जरचा इंजिनावर भार एका अश्वशक्तीएवढासुद्धा नाही.

ज्या गाडीत डीईएफ (धूर स्वच्छ करायचं युरियाचं द्रावण) आहे तिथे डिझेलच्या तीन ते पाच टक्के डीईएफ लागतं. लडाखला जाताना सीलबंद कॅन भरूनच निघा. पण तो उणे ११ अंशांना गोठतो, तेव्हा छताच्या कॅरिअरवर बांधू नका.

पैपैका

सगळे ताकद मोजतायत, मी पैसे मोजतो. पेट्रोल १०४, डिझेल ९१ रुपये धरू, वर्षाला १०,००० किमी.

ईको कॅम्पर लिटरला १५ किमीने: ६६७ लिटर, सुमारे ६९,४०० रुपये.
विंगर ११.५ ने: ८७० लिटर, ७९,१०० रुपये.
ट्रॅव्हलर १०.५ ने: ९५२ लिटर, ८६,७०० रुपये.

विंगर आणि ट्रॅव्हलरमध्ये वर्षाला साडेसात हजारांचा फरक. टायरचा एक जोड. ॲव्हरेजसाठी या दोघींत डोकेफोड करू नका. जमिनीची उंची, किंमत, जवळचं सर्व्हिस सेंटर यावर ठरवा. ईको खरंच स्वस्त, पण गाडी घेतानाच्या किमतीत. इंधनात वाचतात ते ट्रॅव्हलरच्या मानाने वर्षाला १७ हजार, विंगरच्या मानाने दहाच्या आत. शिवाय ई-२० (२० टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलमध्ये ऊर्जा शुद्ध पेट्रोलहून सहा-सात टक्के कमी असते. कंपनीचा वीसच्या आसपासचा आकडा भरलेल्या कॅम्परला विसरा.

ईकोप्रेमी

पैपैका, विमा आणि देखभाल धरलीत का? ईकोचं ऑइल तीन-साडेतीन लिटर, डिझेलचं त्याच्या दुप्पट. इंजेक्टर, टर्बो, डीपीएफ या भानगडीच नाहीत. पाच-सात वर्षांनी हा फरक इंधनापेक्षा मोठा दिसेल.

पैपैका

मान्य. एक इंजेक्टर गेला की ईकोची दोन वर्षांची देखभाल त्यात बसते. तरीही तिघं त्यात पाऊस लागलेल्या आठवड्यात राहणार कसे हा प्रश्न उरतोच.

आरसीबुक

कागदपत्रांचं कोणी बोललं नाही म्हणून. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मूळ उत्पादकाने दिलेल्या बांधणीत परवानगीशिवाय बदल चालत नाही. जानेवारी २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर आरटीओ याबाबत कडक आहेत. कॅम्परसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे, 'मोटर कॅराव्हॅन' म्हणून मंजुरी त्याखाली होते. मान्यताप्राप्त बांधणीवाल्याकडून करून घ्या आणि त्याच्याकडचं मंजुरीपत्र तुमच्याच मॉडेलचं, तुमच्याच व्हीलबेसचं (पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराचं) आहे का हे पैसे देण्याआधी बघा. विमा कंपनीला बदल कळवले नाहीत तर दावा अडतो.

'जुनी स्वस्त बॉडी घेऊन मोठं इंजिन टाकू' हा विचार कोणाच्या मनात असेल तर सोडा. ईसीयू, एबीएस, धुराची यंत्रणा सगळं एकमेकांत गुंतलेलं असतं, पासिंग होणार नाही.

सह्यभटक (धागाकर्ता)

ठरत आलंय, विंगरकडे कल. उंच छताची. आता वजन कसं आटोक्यात ठेवू? बांधणीवाला १८ मिमी प्लाय म्हणतोय, '१२ मिमी वाजतो' असं त्याचं म्हणणं.

चौथागिअर

८ बाय ४ ची १८ मिमी शीट ३५ किलोच्या वर, १२ मिमीची २५. सात-आठ शीट लागतात, म्हणजे इथेच ८० किलोंचा फरक. वाजतो तो प्लाय जाड नसल्याने नाही, सांधे नुसत्या स्क्रूवर असल्याने. १२ मिमीला २५ मिमीचा ॲल्युमिनियम चौकोनी पाइप फ्रेम म्हणून द्या, सांध्यात गोंद आणि मध्ये फेल्टची पट्टी. स्क्रूऐवजी आरपार बोल्ट आणि नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले) नट. साधे नट कोकणातल्या रस्त्यांवर महिन्यात सैल होतात. १८ मिमी फक्त ओट्याच्या वरच्या फळीला. इन्व्हर्टरची १५० ॲम्पिअर-तासाची ट्यूब्युलर बॅटरी बसवू देऊ नका, ती पन्नास किलोच्या वर. लिथियम १०० ॲम्पिअर-तासाची बारा-तेरा.

३०० किलो कमी केलेत तर सपाट रस्त्यावर ओढ चार टक्क्यांनी घटते, घाटात जवळपास दहा. पाणी घरून ८० लिटर भरून निघायचीही गरज नाही, कोकणात पाणी कुठेही मिळतं. २० लिटर घेऊन निघा आणि मुक्कामाजवळ भरा.

काम झाल्यावर वजनकाट्यावर गाडी तीनदा न्या: पूर्ण, मग फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची. काटेवाल्याला आधी सांगा, नाहीतर तो हटकून पूर्ण गाडीच घेतो. तीनही चिठ्ठ्या आरसीवरच्या आणि दारावरच्या पट्टीवरच्या आकड्यांशी ताडा. एकूण वजन मर्यादेत असून मागचा एक्सल ओव्हरलोड, हे कॅम्परमध्ये सर्रास होतं.

टॉर्कराव

आणि छत मोकळं ठेवा. २० सेंमी उंच, १.६ मीटर रुंद पेटी म्हणजे समोरचं क्षेत्रफळ सात टक्क्यांनी वाढलं. ८० ला चार-पाच टक्के इंधन गेलं. विंगर आणि ट्रॅव्हलरमधल्या इंजिनाच्या फरकाहून हे जास्त आहे. सोलर पॅनेल पत्र्यापासून २५-३० मिमीवर आडवं लावा, तेवढी फट पॅनेल थंड ठेवायला पुरते. पुढच्या कडेला वाकवलेली पट्टी द्या, नाहीतर ७० नंतर शिट्टी वाजते.

टेस्ट ड्राइव्हला रिकामी गाडी देतील, तिच्यावर भुलू नका. मागे सहा माणसं बसवा किंवा वाळूच्या गोण्या टाका आणि तीन गोष्टी बघा. टॉप गिअरला ८० ला काटा १,८०० ते २,२०० मध्ये आहे का. तिसऱ्यात १,५०० वरून पाय पूर्ण दाबला की धक्का न देता उचलते का. आणि चढावर थांबून हँडब्रेकवरून निघताना क्लचचा वास येतो का.

सह्यभटक (धागाकर्ता)

ॲव्हरेज नीट मोजायचं कसं? पॅनेलवरच्या आकड्यावर भरवसा ठेवावा?

काजळी

नको. टाकी-टू-टाकी. एकाच पंपावर, त्याच नोझलवर, गाडी त्याच बाजूला तोंड करून उभी. नोझल पहिल्यांदा खटकन बंद झाली की थांबायचं, वरून गोल आकड्यासाठी भरू द्यायचं नाही. निदान ३००-४०० किमी चालवून पुन्हा तसंच भरा. ओडोमीटर जीपीएसशी ताडून घ्या, टायरचा साइज बदलला असेल तर हमखास चुकतो. टायरची हवा सकाळी थंड असताना, दारावरच्या पट्टीवर भरलेल्या गाडीसाठी दिलेल्या आकड्याइतकी.

महिन्याभरात ॲव्हरेज एकदम दीड-दोनने पडलं आणि चढावर काळा धूर दिसला तर इंजेक्टरच्या मागे लागायच्या आधी इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीचा) होज हाताने चाचपा. क्लॅम्पपाशी तेलकट ओल लागली तर तिथूनच हवा निसटतेय. दोनशे रुपयांच्या क्लॅम्पचं काम असतं, आणि गॅरेजवाला डोळे झाकून टर्बोचं कोटेशन देतो.